वाण आणि गुण

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण वर्गात शिकवू लागलो, की एखादा चलाख विद्यार्थी लगेच ‘खाण तशी माती’ पुढे करतो आणि विचारतो, “सर, यांतली खरी कोणती?” अशा शंकेखोराला मी बकरी ईदच्या आधी देवनारला धाडतो.

महापालिकेचा कत्तलखाना १९७१ पासून तेथे आहे. ईदच्या दिवसांत राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेशाकडून लाखावर बोकड येतात. इटाव्याकडचा जमनापारी पाहावा! उंचापुरा, लोंबत्या कानांचा, पोपटाच्या चोचीसारख्या नाकाचा. त्याला झुडपांचे शेंडे ओरबाडीत हिंडायला हवे. दावणीला तो रमत नाही. ठेंगणा बारबरी मात्र बांधल्या जागी घातलेल्या चाऱ्यावर खुशाल राहतो. ही झाली खाण.

पण त्याच गर्दीत आणखी एक जात असते, कोठल्याच यादीत नसलेली. ती म्हणजे घरी बाटलीने दूध पाजून वाढवलेल्या बोकडांची. पहिल्या आठवड्यांत ज्याच्या हातून दूध मिळाले, त्या माणसाची धास्ती करडाला पुढेही वाटत नाही. कळपातला बोकड परका हात दिसताच मागे सरतो. हा पुढे येऊन खिसा हुंगतो.

इंग्लंडात केंड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून पुढची गोष्ट केली. जन्मतःच करडे मेंढ्यांच्या कुशीत दिली, कोकरे शेळ्यांच्या. १९९८ साली त्यांनी निष्कर्ष छापले. पिलांचे खेळणे, अंग चाटणे दूधआईच्या वळणावर गेले होते. नरांनी तर जोडीदारीणही दूधआईच्याच जातीची पसंत केली आणि पुढे वर्षानुवर्षे स्वजातीयांत ठेवूनही ती ओढ सुटली नाही. माद्या वर्ष-दोन वर्षांत आपल्या जातीकडे वळल्या. आमच्या म्हणीतला ‘वाण’ म्हणजे रंग. पण बियाण्याचा वाण हा अर्थ घेतला, तरी म्हण मोडत नाही.

देवनारच्या विक्रेत्यांना हे कोणी शिकवावे लागत नाही. “घर का पला है!” अशी आरोळी ते देतात आणि भाव चढवतात. मुलाबाळांच्या घरी चार दिवस राहायचा बोकड गरीब हवा, हे गिऱ्हाइकालाही पटते. दोरी नव्या हातात गेली, की कळपातला चारी पाय रोवून उभा राहतो. त्याला ओढावे लागते. घरचा मुकाट्याने, शेपूट हलवीत चालू लागतो. विकणारा तेवढा वेळ पाठ फिरवून, मोजलेले पैसे पुन्हा मोजत असतो.