गिरणी जपायची तर आधी मस्टर जपा

महाराष्ट्रातल्या कापड गिरण्यांचा विषय निघाला की बोलणे परळ-लालबागवर येऊन थांबते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप, त्यात उतरलेले सुमारे अडीच लाख कामगार, पुढे गिरण्यांच्या जमिनींवर चढलेले मॉल आणि टॉवर, हे निदान लिहिले-बोलले तरी गेले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी तिथल्या माणसांच्या मुलाखतींमधून गिरणगावाचा शंभर वर्षांचा इतिहास पुस्तकात आणला. अमळनेर, हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर, बार्शी या गावांच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडे आले. ही गावेही भोंग्यावर उठत होती आणि पगाराच्या तारखेवर त्यांचा बाजार चालत होता. अशा गावात बंद गिरणीच्या आवारात स्थानिक इतिहासाचे संग्रहालय व्हावे, ही कल्पना रास्त आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. पण तिची चर्चा सुरू होते ती चिमणीपासून, दगडी भिंतींपासून, फाटकावरच्या कमानीपासून. आराखडे निघतात, अंदाजपत्रक कोटींत जाते आणि फाइल थांबते. तोवर ज्याच्या आधाराने संग्रहालय उभे राहायचे ते सगळे हातचे जाते. म्हणून माझे म्हणणे असे, की सुरुवात मस्टरपासून आणि माणसांपासून करावी. इमारत नंतर आली तरी चालेल.

असे का, हे एका वस्तूवरून सांगता येईल. मागावर ताण्याच्या धाग्यांमधून आडवा धागा नेणारा लाकडी धोटा कोणत्याही गिरणीत हमखास सापडतो. दोन्ही टोकांना पितळी किंवा लोखंडी टोप्या, मध्ये कांडी बसवायची खाच आणि बाजूला धागा बाहेर येण्यासाठी बारीक भोक. काचेच्या कपाटात ठेवून खाली ‘धोटा, विसावे शतक’ अशी चिठ्ठी लावली की काम झाले असे वाटते. पण त्या भोकाचा एक इतिहास आहे. कांडी संपली की नवी भरायची आणि तिच्या धाग्याचे टोक भोकातून बाहेर काढायचे. हे टोक कामगार भोकाला तोंड लावून, श्वास आत ओढून काढत असे. त्याबरोबर कापसाचे तंतू छातीत जात, आणि एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये अस्पृश्य समाजातल्या कामगारांना चांगल्या पगाराच्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, घेत नसत, त्याचे कारण हेच सांगितले जाई: त्यांनी तोंड लावलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड लावणार नाहीत. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यायला लावली. एवढ्याशा लाकडात यंत्र आहे, आजार आहे, जात आहे आणि कामगार चळवळीची कसोटीही आहे. धोटा स्वतः यातले काहीच सांगत नाही. ते कुणीतरी लिहून ठेवलेले, सांगितलेले असावे लागते. अमळनेरच्या किंवा हिंगणघाटच्या साचेखात्यात कोण होते आणि कोण नव्हते, हे तिथल्या मस्टरातल्या नावांवरूनच कळेल. ती मस्टरे गेली तर मुंबईचा इतिहास सगळ्या गावांना लावून मोकळे व्हावे लागेल.

मस्टरे जातात कशी, तेही पाहण्यासारखे आहे. गिरणी अवसायनात निघाली की जमीन, इमारत आणि यंत्रे यांचे मूल्यांकन होते. कागदाला मूल्य नसते. तो रद्दीच्या वजनावर जातो किंवा गळक्या खोलीत वाळवीला मिळतो. कंपनी कायदा अवसायकाला काही काळ दप्तर सांभाळायला लावतो, पण कंपनी विसर्जित होऊन पाच वर्षे झाली की ती जबाबदारी कोणावरच उरत नाही. सार्वजनिक अभिलेखांसाठी केंद्राचा १९९३ चा आणि राज्याचा २००५ चा कायदा आहे. तो सरकारी दप्तरासाठी आहे, खासगी गिरणीच्या हजेरीपुस्तकाला त्याचा आधार नाही. हे नुकसान केवळ अभ्यासकांचे आहे असे कुणाला वाटत असेल, तर त्याने मुंबईच्या गिरणी कामगारांच्या घरांची योजना आठवावी. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो, हे त्यात अर्जदाराला सिद्ध करावे लागले. पुरावा म्हणून काय मागितले गेले? तिकीट नंबर, लाल पास, हजेरी पास, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, रजेच्या रजिस्टरची प्रत. ज्या कागदाची किंमत गिरणीच्या दारात शून्य होती, त्याच कागदावर कामगाराच्या कुटुंबाचे घर अवलंबून राहिले.

जपानमधल्या तोमिओका या छोट्या शहराचे उदाहरण इथे उपयोगी पडते, आणि ते दोन्ही बाजूंनी वाचायला हवे. १८७२ मध्ये जपान सरकारने फ्रेंच तज्ज्ञाच्या मदतीने तिथे रेशमाची गिरणी काढली. लाकडी सांगाड्यात विटा भरून बांधलेली सुमारे १४० मीटर लांबीची रीळशाळा, आत रेशीम उकलायची ३०० कढया. मालक बदलत गेले, पण गिरणी १९८७ पर्यंत चालली. बंद झाल्यावर शेवटच्या मालक कंपनीने ठरवले, की ती विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही आणि पाडायची नाही. अठरा वर्षे कंपनीने स्वतःच्या खर्चाने ती सांभाळली, २००५ मध्ये शहराच्या ताब्यात दिली, आणि २०१४ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. इमारत वाचली ती अशा मालकामुळे. आपल्याकडे तसा मालक भेटेल या भरवशावर बसता येणार नाही. पण तोमिओकाची गिरणी आज बोलते ती विटांमुळे नव्हे. १८७३ मध्ये मात्सुशिरोहून तिथे कामाला आलेल्या एइ योकोता या सामुराई घराण्यातल्या मुलीने, लग्नानंतरच्या एइ वादाने, उतारवयात आपल्या तिथल्या दिवसांच्या आठवणी लिहून काढल्या. परदेशी लोक माणसाचे रक्त पितात, अशा अफवांमुळे मुली यायला तयार नसत, तो हा काळ. मुली काम कशा शिकल्या, कुणाला बढती मिळाली, रुसवेफुगवे कसे झाले, हे तिने लिहिले नसते तर ती रीळशाळा एक भव्य रिकामी खोली राहिली असती.

आपल्याकडे मालकांची आठवण राहायला अडचण येत नाही, आणि त्यात गैरही काही नाही. अमळनेरला गिरणीमालक प्रतापशेठ यांच्या दातृत्वातून शाळा उभी राहिली, तत्त्वज्ञान मंदिर झाले, कॉलेजला त्यांचे नाव मिळाले. या उपकारांची जाण गावाने ठेवलीच पाहिजे. त्याच गावात साने गुरुजी शिक्षक होते आणि पुढे ते गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. हेही लोकांच्या लक्षात आहे, कारण गुरुजी मोठे होते. पण ज्यांच्या बाजूने ते उभे राहिले त्यांची नावे कुठे आहेत? बदली कामगार म्हणून रोज फाटकावर ताटकळणारे, कामगार भरणाऱ्या जॉबरच्या मर्जीवर ज्यांचा दिवस ठरे ते, खेड्यातून येऊन गिरणीच्या चाळीत राहिलेले, त्यांच्या घरातल्या बायका. १९७८ मध्ये स्वीडनच्या स्वेन लिंडक्विस्ट यांनी ‘जिथे उभे आहात तिथेच खणा’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. कारखान्यांचे इतिहास मालक लिहून घेतात, पण कामातला जाणकार कामगारच असतो, म्हणून आपल्या कारखान्याचा इतिहास त्याने स्वतः शोधावा, हे त्यांचे सांगणे होते. त्यातून तिथे गावोगावी कामगारांचे अभ्यासगट निघाले. आपल्या तालुक्याच्या गावांत इतिहासाचे प्राध्यापक आहेत, वाचनालये आहेत, कामगार संघटनांचे जुने कार्यकर्ते आहेत. यासाठी मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप आहे तो थकलेल्या देण्यांचा. कामगारांचे पैसे अडकलेले असताना संग्रहालयावर खर्च कसला? हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. जमिनीच्या पैशावर पहिला हक्क कामगारांचा आहे आणि संग्रहालयासाठी त्यातला रुपयाही वळवू नये. म्हणूनच तर इमारतीपासून सुरुवात नको. मस्टर उचलून कोरड्या खोलीत ठेवायला, त्याची छायाचित्रे घ्यायला, पन्नास-शंभर माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायला जमीन अडवावी लागत नाही. उलट देण्यांच्या दाव्यात हेच दप्तर कामगारांच्या उपयोगी पडेल. त्या जागेवर नवा उद्योग येत असेल तर जरूर यावा. त्यातला एखादा जुना खाते-मजला किंवा टाइम ऑफिस संग्रहालयाला पुरेल.

दुसरा आक्षेप: छोट्या गावात बघायला येणार कोण? अमेरिकेत लोवेल हे कापड गिरण्यांचेच शहर. तिथल्या बूट मिलच्या जुन्या इमारतीत राष्ट्रीय उद्यान विभागाचे संग्रहालय आहे. तिथे माग प्रत्यक्ष चालवून दाखवतात आणि आवाजासाठी पाहुण्यांना कानात घालायला बोळे देतात. त्याच शहरातले कापड इतिहासाचे दुसरे मोठे संग्रहालय मात्र पैशाअभावी २०१६ मध्ये बंद पडले आणि त्याचा संग्रह इतर संस्थांमध्ये वाटला गेला. तोमिओकालाही जागतिक वारशाचा मान मिळाल्याच्या वर्षी १३ लाखांवर लोक गेले आणि मग गर्दी भराभर ओसरली. तेव्हा पर्यटनाच्या आशेवर आखलेले मोठे संग्रहालय मलाही नको आहे. तिकीटविक्री हे त्याचे माप धरू नये. तालुक्यातल्या शाळांची मुले, गिरणीत राबलेल्यांची नातवंडे, आपल्या आजोबांचे नाव मस्टरात शोधायला आलेली माणसे, एवढा वर्ग पुरेसा आहे. आठवड्यातून दोन दिवस उघडणारी, नगरपरिषद आणि कॉलेज यांनी मिळून चालवलेली चार खोल्यांची जागा टिकेल. वातानुकूलित दालने आणि ध्वनिप्रकाश खेळ यांच्या देखभालीचा पैसा दर वर्षी कोण देणार, हे आधी ठरवल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये.

घाई मात्र खरी आहे. १९८२ साली विशीत असलेला साचेवाला आज साठी ओलांडून गेला आहे. त्याला काम शिकवणारे बहुतेक गेले. मागाची बिघडलेली चाल नुसत्या आवाजावरून ओळखणे, रातपाळीला झोप आवरण्याच्या युक्त्या, जॉबरला काय द्यावे लागे, संपाच्या दिवसांत किराणा कुठून आला, हे कोणत्याही दप्तरात नाही. म्हणून दोन गोष्टी यंदाच व्हाव्यात. जिथे गिरणीची मालमत्ता अजून लिलावात आहे, तिथे नगरपरिषदेने अवसायकाकडे आणि गरज पडल्यास कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे लेखी अर्ज करून मस्टर, पगारपत्रके, अपघात-नोंदी आणि नकाशे भंगारातून वगळून मागावेत. आणि जिल्ह्यातल्या विद्यापीठाने इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून गिरणी कामगारांच्या मुलाखती द्याव्यात, त्यांची एक प्रत त्याच गावच्या वाचनालयात ठेवण्याच्या अटीवर.