सोडतीत विमान ठेवू नका



कांद्याच्या रोपाची नोंद उद्या टाकतो. आज जरा कडू बोलायचं आहे, राग मानू नका. मानला तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

येवल्याच्या आमच्या भागात एका गावात शाळेच्या खोल्यांसाठी निधी जमवायचं चाललंय. काम चांगलं आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण पोरांनी ठरवलं की ५०० रुपयांची कुपनं काढायची, सोडत ठेवायची आणि पहिलं बक्षीस फवारणीचं विमान, म्हणजे ड्रोन. म्हातारी माणसं त्याला विमानच म्हणतात आणि कायद्यानेही ते मानवरहित विमानच आहे. ट्रॅक्टर जुना झाला, बुलेट जुनी झाली, आता विमान! फ्लेक्सवर झकास दिसेल, रील चालेल, कुपनं खपतील. माझं म्हणणं एवढंच की हे बक्षीस चुकीचं आहे. का, ते एकेक सांगतो.

पहिला हिशोब पैशाचा. समजा २,००० कुपनं खपली. १० लाख जमले. ड्रोन ५ लाखांचा धरा. छपाई, मंडप, फ्लेक्स, स्पीकर यात ५० हजार गेले. शाळेला उरले साडेचार लाख. म्हणजे ज्याने ५०० दिले त्याचे २२५ रुपये शाळेला आणि २७५ ड्रोनवाल्या कंपनीला व मंडपवाल्याला. याच २,००० माणसांनी नुसते २५० रुपये हातावर ठेवले असते तर शाळेला ५ लाख मिळाले असते. निम्म्या पैशात जास्त काम. मग दान कुणाला चाललंय, शाळेला की कंपनीला?

दुसरा मुद्दा जिंकणाऱ्याचा, आणि इथे खरी गोम आहे. सोडतीतल्या बक्षिसावर ३० टक्के आयकर लागतो, वर सेस वेगळा. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून सोडतीचं बक्षीस करमुक्त होत नाही. तुमचं बाकी उत्पन्न शून्य असलं तरी हा कर सुटत नाही. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कर भरल्याची खात्री झाल्याशिवाय देणाऱ्याने वस्तू सोडायची नाही, असा नियम आहे. ५ लाखांच्या ड्रोनवर सेस धरून १ लाख ५६ हजार होतात. आता सांगा, रोजंदारीवर कांदे काढणाऱ्या माणसाचं कुपन लागलं तर त्याने दीड लाख आणायचे कुठून? सोसायटीकडून कर्ज काढायचं का बक्षीस सोडवायला? समितीने भरायचं म्हटलं तर शाळेच्या साडेचारातून तेवढेच जाणार. खाली तीन लाखसुद्धा राहत नाहीत.

तिसरं, ड्रोन ही काही चावी फिरवून चालवायची वस्तू नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे फवारणीचा ड्रोन उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वय १८ ते ६५, शिक्षण दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण. मी दहावी पास आहे, पन्नाशीत आहे, मी त्यात बसतो. पण माझ्या पिढीतले आठवा, किती जण दहावीपर्यंत पोचले? शिवाय ड्रोनची नोंदणी करून त्याचा स्वतंत्र क्रमांक घ्यावा लागतो, विमा काढावा लागतो. विकायचा म्हटला तर नोंदणी दुसऱ्याच्या नावावर करावी लागते. पोरं म्हणतात, "लागला तर विकून टाकेल." अरे भाऊ, आधी कर, मग कागद, मग गिऱ्हाईक. बाजार समितीत ट्रॉली नेऊन उभी करावी तसा ड्रोन विकला जात नाही.

उडणाऱ्या वस्तूच्या कागदांना किती वेळ लागतो त्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ मध्ये ते मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ठेवलं, सगळ्यांनी कौतुक केलं. त्याची नोंदणी मात्र २०१७ च्या शेवटाला झाली. स्वतः वैमानिक असलेल्या माणसाची ही गत, तर आपल्या गावच्या कुपनवाल्याचं काय होईल?

चौथं, शेतातली गोष्ट. दहा लिटरची टाकी एका एकराला साधारण पुरते आणि एकर सात-दहा मिनिटांत होतो. दोन एकरवाल्याचं काम वीस-पंचवीस मिनिटांत उरकलं. मग पुढच्या फवारणीपर्यंत ड्रोन काय माळ्यावर ठेवायचा? एक बॅटरी दहा-पंधरा मिनिटं चालते, म्हणून जास्तीचे संच लागतात, चार्जर लागतो, ने-आण करायला गाडी लागते. आपल्याकडे लाईट कधी येते नि कधी जाते ते सांगायला नको. म्हणजे ड्रोन परवडतो तो भाड्याने फिरवणाऱ्याला, एकट्या शेतकऱ्याला नाही. आणि वारा असताना शिकाऊ माणसाने तणनाशक उडवलं तर शेजाऱ्याची द्राक्षबाग गेलीच म्हणून समजा. डोंगळे फुलावर असताना चुकीचं औषध गेलं तर मधमाश्या मरतात आणि कांद्याच्या बियाण्याचं वर्ष जातं. भांडण कुणाशी? बक्षीस लागलेल्या गरिबाशी.

पाचवं, कायदा. आपल्याकडे सोडत हा सरकारचा विषय आहे. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ ला सुरू झाली. सरकारी नसलेली किंवा सरकारची परवानगी नसलेली सोडत काढायला जागा चालवली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "सगळीकडे चालतं" हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही. कुपनावर नावं छापली जातील ती आपल्याच पोरांची. उद्या भरतीला गेल्यावर चारित्र्याचा दाखला त्यांनाच लागणार आहे.

कुणी म्हणेल, अमेरिकेत तर खरंखुरं विमान सोडतीत देतात. देतात ना. तिथे एओपीए नावाची वैमानिक आणि विमानमालकांची संघटना आहे, ती आपल्या सभासदांसाठी छोटं विमान ठेवते. पण सभासदच विमान उडवणारे! त्यांच्याकडे परवाना आहे, जवळ धावपट्टी आहे. ज्याला लागेल त्याच्या ते कामाचं आहे. बक्षीस निवडायची रीतच ही: कुपन घेणारा कोण ते आधी बघा, मग वस्तू ठरवा. आपण फ्लेक्स कसा दिसेल ते बघून वस्तू ठरवतो.

आता सगळ्यात मोठा आक्षेप: "काका, बक्षीस नसेल तर लोक पैसे देत नाहीत." हे मला मान्य नाही. हरिनाम सप्ताहाला कोणतं बक्षीस असतं? घरटी वर्गणी निघते, कुणी गव्हाचं पोतं देतं, कुणी तेलाचा डबा देतं, कुणी एक दिवसाची पंगत घेतं. कांद्याला भाव नसलेल्या वर्षीसुद्धा सप्ताह बंद पडत नाही. का? कारण पैसा कुठे गेला ते पंगतीत बसून डोळ्याने दिसतं. शाळेलाही तसंच करा. जमा-खर्चाचा फळा चावडीवर लावा, दर आठवड्याला आकडा लिहा. कुणी एक खिडकी द्या, कुणी सिमेंटच्या दहा गोण्या द्या, कुणी दोन दिवस ट्रॅक्टर द्या. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने एक दिवस अंगमेहनत द्यावी. लोक देतात. आपण नीट मागत नाही.

आणि ड्रोनचीच हौस असेल तर तो सोडतीत नको, बचत गटाला द्या. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटाला किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत ठरवलेली आहे. सोबत १५ दिवसांचं प्रशिक्षण आणि जास्तीच्या बॅटऱ्या धरलेल्या आहेत. गावातल्या गटाचा अर्ज बसतो का ते कृषी कार्यालयात जाऊन विचारा. बसत असेल तर उरलेल्या २० टक्क्यांसाठी गावाने हातभार लावावा. गटाने एकरी दराने फवारणी करावी आणि दर एकरामागे ठरलेली रक्कम शाळेच्या खात्यात टाकावी. सोडत एकदाच निघते आणि एकाचंच भलं करते, तेसुद्धा झालं तर. भाड्याने फिरणारा ड्रोन हंगामा-हंगामाला सगळ्यांच्या कामाला येईल आणि शाळेलाही देत राहील.

तरुण मित्रांनो, तुमची धावपळ मला दिसते. मोबाईलवर बसून टीका करणाऱ्यांपेक्षा तुम्ही शंभर पटीने बरे. म्हणूनच सांगतो, कुपनं अजून छापखान्यात गेलेली नाहीत तोवर थांबा. ग्रामसभेत हा हिशोब मांडा. माझा आकडा चुकीचा वाटला तर तुमचा मांडा, मी ऐकायला येतो. येताना वर्गणी घेऊनच येईन, कुपन मात्र घेणार नाही.

कृषी सहायक आणि ड्रोन चालवणारी मंडळी वाचत असतील त्यांनी खाली लिहावं: तुमच्या भागात एकरी भाडं काय चाललंय आणि वर्षाला बॅटरीचा खर्च किती येतो? खरे आकडे द्या. गावाला त्याचाच उपयोग होईल.