संगणक बदलला, निदान बदलू नये

आमच्या सांगलीतील चिकित्सालयाच्या रुग्णनोंदी सुमारे पंधरा वर्षे फॉक्सप्रोवर बेतलेल्या प्रणालीत होत्या. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढील आवृत्ती काढणार नसल्याचे 2007 मध्येच जाहीर केले आणि 2015 मध्ये तिचे साहाय्यही थांबविले. तरीही आम्ही चालढकल केली. 2019 च्या महापुरानंतर कागदावर विसंबणेही धोक्याचे वाटू लागले. अखेर गतवर्षी आम्ही नवी प्रणाली स्वीकारली. त्या अनुभवातून सुचलेले चार विचार वैद्यबंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

पहिली अडचण लिपीची आली. जुन्या मराठी फाँटमध्ये अक्षरे युनिकोडप्रमाणे साठविली जात नसत. फाँट बदलताच मजकुराची निरर्थक चिन्हे होत. रूपांतराने ती दूर झाली, तरी ‘गुग्गुळ’ आणि ‘गुग्गुल’ ही एकाच औषधाची दोन खाती राहिली.

खरा धोका निदानात होता. आमवात, संधिगत वात आणि वातरक्त ही तिन्ही निदाने नव्या यादीत ‘सांधेविकार’ या एकाच रकान्यात गेली. ही यादी न वाचताच आम्ही संमती दिली होती, दोष आमचाच. एका आमवाताच्या रुग्णास पडद्यावरील नोंद पाहून सहकाऱ्यांनी अभ्यंग सुचविला. रुग्णाने जुनी चिठ्ठी जपली होती, म्हणून चूक वेळीच ध्यानात आली. संधिगत वातात स्नेहन हितकर. परंतु साम अवस्थेतील आमवातात लंघन व रूक्ष स्वेद सोडून तेल चोळणे म्हणजे व्याधी वाढविणे होय. माधवनिदानाने आमवाताचे स्वतंत्र प्रकरण केले, ते उगाच नव्हे.

सांकेतिक क्रमांक म्हणजे वैद्याच्या बुद्धीला बेडी, असा आक्षेप काही ज्येष्ठ घेतात. आम्हांस तो पूर्णतः मान्य नाही. 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘नमस्ते’ पोर्टलने आपल्याच परिभाषेस क्रमांक दिले. 10 जानेवारी 2024 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-11 चे आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांसाठीचे दुसरे मॉड्यूल दिल्लीत प्रकाशित केले. आपण आपले शब्द वापरले नाहीत, तर संगणक दुसऱ्याचे शब्द वापरील. मात्र दोष, दूष्य, अग्नी, कोष्ठ व अवस्था यांसाठी मोकळी जागा हवीच. ती क्रमांकात मावत नाही.

औषधविक्रेत्यांनाही हेच लागू आहे. ‘ब्राह्मी’ या नावाखाली बाकोपा आणि मंडूकपर्णी दोन्ही विकल्या जातात. नव्या प्रणालीत वनस्पतीचे शास्त्रीय नाव, उपयुक्त अंग व बॅच क्रमांक हे स्वतंत्र रकाने मागून घ्यावेत.

प्रणाली बदलताना जुनी निदान सहा महिने वाचण्यापुरती जिवंत ठेवावी, निदानांची यादी वैद्याने स्वतः तपासावी आणि किमान पन्नास रुग्णांच्या नोंदी जुन्या-नव्या शेजारी ठेवून पडताळाव्यात. हे काम संगणकतज्ज्ञावर सोपवून चालणार नाही. आम आणि निराम यांतील भेद त्याने का जाणावा? आपल्या संघटनेने अशी एक सामाईक यादी सिद्ध केल्यास प्रत्येक चिकित्सालयास आमच्यासारखी ठेच लागणार नाही.