जत्रा स्वयंसेवकांची, गाळ कोणाचा?



इंग्लंडमधल्या कालव्यांवर भरणाऱ्या होड्यांच्या जत्रांचे कौतुक आपल्याकडे होते, तेव्हा सरकारवाचूनही लोकांचे काही अडत नाही, हा सूर हमखास लागतो. मी बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला राहतो. नेदरटनच्या विंडमिल एंडला सप्टेंबरात भरणारा ब्लॅक कंट्री बोटिंग फेस्टिव्हल स्वयंसेवकच चालवतात, हे खरे. पण त्यावरून काढलेला हा निष्कर्ष मला मान्य नाही.

आज तिथे हिरवळ आहे, तळी आहेत, राखी बगळे आहेत. कोळशाच्या खाणी होत्या ती हीच जागा. खाणीतले पाणी उपसणारे कॉब्ज इंजिन हाउस धुराड्यासह अजून उभे आहे; आतले यंत्र केव्हाच गेले. जवळच नेदरटन बोगद्याचे तोंड आहे. जुन्या, अरुंद डडली बोगद्यापाशी नावांचा खोळंबा व्हायचा, म्हणून पावणेतीन किलोमीटरचा हा नवा बोगदा खणला आणि १८५८ मध्ये खुला केला. दोन्ही बाजूंना घोड्यांसाठी वाट! पुढे १९६२ मध्ये डडली बोगदा बंद पडला आणि स्वयंसेवकांनी पिच्छा पुरवल्यामुळे १९७३ मध्ये पुन्हा उघडला. तेव्हा या मंडळींना कमी लेखण्याचा प्रश्नच नाही.

जत्रेत कोणती नॅरोबोट (अरुंद, लांब होडी) कुठे बांधायची, गाड्या कुठे लावायच्या, कचरा कोण उचलणार, हे सारे स्वयंसेवकच पाहतात. शिवाय होड्या येतात त्या एरवी ओस पडलेल्या कालव्यांतून. त्यांच्या ये-जा करण्याने वाट मोकळी राहते. जत्रेचा खरा उपयोग हा, आणि तो पाहुण्यांना दिसत नाही.

पण गाळ साचला, काठ खचला तर? ऑगस्ट २०१९ मध्ये व्हेली ब्रिजला, पीक फॉरेस्ट कालव्याला पाणी पुरवणाऱ्या टॉडब्रुक धरणाचा सांडवा अतिवृष्टीने फुटला. सुमारे दीड हजार लोकांना घरे सोडावी लागली, हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने पोती टाकली, दुरुस्ती कित्येक वर्षे चालली. ते काम सुटीच्या दिवशी फावडे घेऊन येणाऱ्या सेवानिवृत्तांचे नव्हे.

इंग्लंड-वेल्समधले सुमारे ३,२०० किलोमीटर जलमार्ग २०१२ पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. तिला मिळणारे सरकारी अनुदान २०२७ नंतर वर्षागणिक घटणार, हे २०२३ मध्येच जाहीर झाले. लोक करताहेत ना, मग पैसा कशाला, हा युक्तिवाद अशा वेळी कोणाच्या सोयीचा आहे, ते उघड आहे. कालव्यात पाणीच टिकले नाही, तर स्वयंसेवकांनी होड्या बांधायच्या कुठे?

यापुढे अशा जत्रांवर लेख छापताना संपादकांनी जत्रेच्या खर्चासोबत गाळ काढण्याचा खर्च कोण देतो, हेही लेखकाला विचारावे, ही विनंती.

— एक वाचक, वेस्ट मिडलंड्स, इंग्लंड