चांगली किडनी आधी कोणाला?

जर्सी सिटीत मी आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला जातो. माझे वय 74. शेजारच्या खुर्चीवर तिशीतला एक मुलगा असतो. एकदा त्याने विचारले, "अंकल, एकच चांगली किडनी आली तर कोणाला द्यावी?" मी म्हणालो, "तुला." पण घरी आल्यावर तो प्रश्न मनातून जाईना.

अमेरिकेत याचे उत्तर नियमात दिलेले आहे. मृत दात्यांकडून मिळणाऱ्या किडन्यांपैकी ज्या सर्वांत जास्त काळ टिकतील अशा 20 टक्के किडन्या, डिसेंबर 2014 पासून, प्रत्यारोपणानंतर सर्वांत जास्त जगतील अशा 20 टक्के रुग्णांना आधी देऊ करतात. हा अंदाज चार गोष्टींवरून बांधतात: वय, मधुमेह, डायलिसिसवर गेलेली वर्षे आणि पूर्वी झालेले अवयव-प्रत्यारोपण.

वयाबद्दल माझी तक्रार नाही. आपण एकमेकांना मोशे रब्बेनूंएवढी 120 वर्षे चिंतितो. मला 74 मिळाली, त्या मुलाला जेमतेम तीस. त्याला पुढे जाऊ देणे आपल्यालाच शोभते.

पण मधुमेह आणि डायलिसिसची वर्षे मोजणे मला पटत नाही. ज्याला वेळेवर चांगला डॉक्टर मिळाला नाही, ज्याच्याकडे विमा नव्हता, त्याचीच ही वर्षे वाढतात. किडनी वाया जाऊ नये हे खरे. तरी ज्याच्या वाट्याला आधीच आयुष्य कमी आले, त्याला त्याच कारणाने पुन्हा मागे ठेवणे हा न्याय नव्हे. वय जरूर पाहावे, दुर्दैव मोजू नये.

उरलेल्या 80 टक्के किडन्यांना मात्र हा हिशेब लागू नाही. तेथे किती काळ वाट पाहिली याला मोठे वजन आहे. म्हणून म्हातारपणी दार बंद झाले असे समजू नका. देशाच्या नियमांत वयाची वरची मर्यादा नाही. इजीएफआर 20 किंवा त्याखाली आला की डायलिसिसआधीही नाव नोंदवता येते. कमी काळ टिकण्याची शक्यता असलेली किडनी चालेल अशी संमती दिली, तर लवकर नंबर लागू शकतो. घरातले कोणी स्वतःची किडनी देणार असेल, तर ही रांगच नाही.

"या वयात कशाला?" म्हणत मी डायलिसिसची पहिली दोन वर्षे नावच नोंदवले नाही. ती वर्षे प्रतीक्षेत धरली गेली, पण यादीत नाव नसलेल्याला किडनी कोण देणार? डॉक्टरांना पुढच्याच भेटीत विचारा.