विज्ञान शिकायचे कोठे? रायपूरच्या ११२ विद्यापीठांचा धडा

बारावीचे निकाल लागले की कष्टकरी आणि कनिष्ठ मध्यमवर्गीय घरांत एकच प्रश्न उभा राहतो : मुलाला, मुलीला आता कोणत्या कॉलेजात घालायचे? दोन-तीन पिढ्यांपासून रायपूरला स्थायिक झालेल्या एका मराठी भाषिक कॉम्रेडनी हाच प्रश्न पत्राने विचारला आहे. मुलीला पदार्थविज्ञानाची मनापासून आवड आहे. घरी सहा-सात संस्थांची गुळगुळीत माहितीपत्रके येऊन पडली आहेत. प्रत्येकावर काचेची इमारत, हिरवळ आणि हसणारे विद्यार्थी. "तुम्ही भाषांतराच्या निमित्ताने दहा ठिकाणचे वाचता, तेव्हा यातले खरे कोणते ते सांगा," असे ते लिहितात.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. प्रयोगशाळेशी त्याचा संबंध शाळेपुरताच आला. तरीही या पत्राचे उत्तर टाळता येत नाही. प्रश्न घरगुती दिसत असला तरी त्याचे मूळ त्या घरात नाही. ते राज्यकर्त्या वर्गांच्या धोरणात आहे, आणि ते तेथूनच शोधून काढले पाहिजे.

बाजाराच्या पुरस्कर्त्यांकडे या प्रश्नाचे उत्तर तयार असते. ते म्हणतात, संस्था जितक्या अधिक तितकी निवड अधिक. निवड अधिक म्हणजे स्पर्धा, आणि स्पर्धा म्हणजे गुणवत्ता. पालकांनी चौकशी करावी, पारखून घ्यावे. सरकारने मध्ये पडू नये. या सिद्धांताची परीक्षा अन्य कोठे नाही तर रायपूरमध्येच झाली, आणि तिचा निकाल ११ फेब्रुवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जाहीर केला. दुर्दैव असे की, एवढा ढळढळीत निकाल वीस वर्षांत विस्मृतीत ढकलला गेला आहे.

प्रथम हे पाहू की, रायपुरात विज्ञानाचे शिक्षण आले कसे. १९३८ साली छत्तीसगढ कॉलेज निघेपर्यंत या सबंध मुलखात एकही महाविद्यालय नव्हते. ज्याला शिकायचे असेल त्याने नागपूर गाठावे, आणि ज्याची ऐपत नसेल त्याने घरी बसावे, अशी स्थिती होती. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, सरकारी विज्ञान महाविद्यालय सुरू झाले. तेच आजचे नागार्जुन विज्ञान महाविद्यालय. १९५५ साली सोविएत संघाच्या साहाय्याने भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार झाला आणि १९५९ साली तेथील पहिली झोतभट्टी पेटली. पोलाद काढायचे तर धातुशास्त्र आणि खाणकाम जाणणारी माणसे हवीत. म्हणून १९५६ साली रायपुरात खाणकाम व धातुशास्त्राचे सरकारी महाविद्यालय निघाले. त्याचीच आज राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था झाली आहे. १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय आले, १९६४ साली रविशंकर विद्यापीठ.

हा क्रम योगायोगाचा नाही. सार्वजनिक क्षेत्रात उद्योग उभा राहतो तेव्हा समाजाला विज्ञानाची गरज भासते, आणि गरज भासली की सार्वजनिक पैशातून विज्ञानाची विद्यालये उभी राहतात. त्या काळचे सरकार समाजवादी नव्हते, हे आपण नेहमीच सांगत आलो आहोत. तरीही मजुराचा मुलगा नाममात्र फी भरून प्रयोगशाळेत पाय ठेवू शकेल, एवढी वाट त्या काळात उघडली गेली.

आता त्याच वाटेची उलट बाजू पाहा. एप्रिल २००० मध्ये पंतप्रधानांच्या व्यापार व उद्योग परिषदेला मुकेश अंबानी आणि कुमारमंगलम बिर्ला यांनी शिक्षणविषयक अहवाल सादर केला. उच्च शिक्षणाचा खर्च ज्याचा त्याने सोसावा आणि खाजगी विद्यापीठांसाठी कायदा करावा, हे त्याचे सार होते. देशाच्या शिक्षणाचा आराखडा दोन मक्तेदार घराण्यांनी मांडावा, यातच त्या काळाचे स्वरूप दिसते. २००१ साली कोरब्याचा बाल्को हा सार्वजनिक कारखाना, त्याचे ५१ टक्के भाग विकून, स्टरलाइटच्या ताब्यात देण्यात आला. कामगारांनी दोन महिन्यांहून अधिक काळ संप करून त्याला विरोध केला. आणि २००२ साली, अवघ्या दोन वर्षांच्या छत्तीसगढ राज्याने, काँग्रेसच्या राजवटीत, 'निजी क्षेत्र विश्वविद्यालय (स्थापना और विनियमन) अधिनियम' मंजूर केला. कारखाना विकणारे केंद्र भाजपचे आणि विद्यापीठांची खिरापत वाटणारे राज्य काँग्रेसचे. परंतु धोरणाची दिशा एकच.

या कायद्याच्या पाचव्या कलमानुसार राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचना काढली की विद्यापीठ जन्माला येत असे. इमारत नको, प्रयोगशाळा नको, ग्रंथालय नको, प्राध्यापकही नकोत. कागदावरचा प्रस्ताव पुरेसा. वर्ष-सव्वा वर्षात अशी ११२ विद्यापीठे स्थापन झाली! एकाच लहानशा, गरीब, आदिवासीबहुल राज्यात ११२ विद्यापीठे. त्यांतील कित्येकांचा संसार एखाद्या खोलीत मांडलेला होता. शिवाय राज्याबाहेर देशभर केंद्रे उघडण्याचीही त्यांना मुभा होती. कायद्याच्या नावात 'विनियमन' हा शब्द होता. व्यवहारात स्थापना तेवढी झाली.

'निवडीचे स्वातंत्र्य' याहून अधिक कोठे असणार? ११२ दुकानांतून निवडा! मात्र ज्या बापाने कॉलेजची पायरी कधी चढलेली नाही, त्याने राजपत्रातील अधिसूचनेची वैधता तपासावी, विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा वाचावा आणि मगच फी भरावी, अशी ही अपेक्षा होती. सरकारी मोहोर पाहून त्याने विश्वास ठेवला, हा त्याचा अडाणीपणा नव्हे. ज्यांनी मोहोर उठवली त्यांचा तो अपराध होय.

या लुटीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते प्रा. यशपाल. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांवर संशोधन केलेले हे शास्त्रज्ञ १९८६ ते १९९१ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. रायपूरशी त्यांचे नाते जुने होते. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोचवण्याचा जो प्रयोग झाला, त्यात रायपूरच्या परिसरातील खेडीही होती. आणि त्या प्रयोगाची धुरा वाहणाऱ्या अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक यशपालच होते. ज्या मुलखातील निरक्षर शेतकऱ्यापर्यंत विज्ञान न्यायचे, त्याच मुलखाच्या नावाने पदव्यांचा बाजार मांडलेला त्यांना पाहावा लागला.

न्यायालयाने कायद्याची ५ व ६ ही कलमे घटनाबाह्य ठरवली. कागदावरचा प्रस्ताव म्हणजे विद्यापीठ नव्हे, उच्च शिक्षणाचा दर्जा राखणे ही केंद्राच्या अखत्यारीतील बाब आहे, आणि राज्याच्या कायद्याने राज्याच्या सीमेबाहेर विद्यापीठे चालवता येत नाहीत, असा तो निकाल होता. विद्यापीठे एका दिवसात नाहीशी झाली. विद्यार्थी मात्र नाहीसे होत नसतात. त्यांच्या हितासाठी त्या संस्थांना राज्याच्या आधीच्या विद्यापीठांशी संलग्न करण्याची तजवीज न्यायालयाला करावी लागली. म्हणजे अखेर भार कोणी उचलला? ज्यांना कालबाह्य, निकामी म्हणून हिणवले गेले त्या सार्वजनिक विद्यापीठांनीच!

हेही लक्षात ठेवले पाहिजे की, २००३ च्या अखेरीस राज्यात सत्तापालट होऊन भाजपचे सरकार आले होते. कायदा मुळापासून उखडण्याचे काम त्या सरकारने केले नाही; ते न्यायालयावर सोडले. आणि निकालानंतर त्याच २००५ साली खाजगी विद्यापीठांसाठी नवा कायदा आला. त्यात अटी आल्या, नियामक आयोग आला. पण शिक्षण ही विकण्याची वस्तू आहे हे मूळ सूत्र कायमच राहिले. महाराष्ट्रातील वाचकांना हा मार्ग नवा नाही. १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाल्यापासून शिक्षणसम्राट नावाची जमात आपण पोसतच आहोत.

२००२ हे साल आणखी एका कारणासाठी स्मरणात ठेवावे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून एक विज्ञानशिक्षण कार्यक्रम सुरू झाला होता. खेड्यातील मुलांनी पाठ्यपुस्तक घोकण्याऐवजी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकावे, हा त्याचा गाभा. १९७८ साली तो जिल्हाभर पोचला. २००२ साली मध्य प्रदेशच्या काँग्रेस सरकारने तो बंद केला. ज्या वर्षी छत्तीसगढमध्ये प्रयोगशाळा नसलेल्या विद्यापीठांचा कायदा झाला, त्याच वर्षी शेजारच्या राज्यात शेतमजुरांच्या मुलांच्या हातातून भिंग काढून घेण्यात आले. या दोन घटनांचा अर्थ वेगवेगळा लावणे कठीण आहे.

येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो, आणि तो आपल्याच कॉम्रेडांकडून येतो. सरकारी महाविद्यालयांची स्थिती तरी कोठे चांगली आहे? जागा रिकाम्या, अतिथी व्याख्यात्यांवर तास चालतात, उपकरणे कपाटात कुलूपबंद. मग मुलीचे आयुष्य तत्त्वासाठी पणाला लावायचे काय?

आक्षेपातील वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ती स्थिती आकाशातून पडलेली नाही. कायम प्राध्यापक नेमायचे नाहीत, प्रयोगशाळेला पैसा द्यायचा नाही, आणि मग 'पाहा, सरकारी संस्था चालत नाहीत' म्हणून बोट दाखवायचे, ही विहीर बुजवून पाणी विकण्याची युक्ती आहे. शिवाय ज्यांचा आवाज ऐकला जातो असे सुशिक्षित पालक सरकारी कॉलेज सोडून जातात, तेव्हा तेथे उरलेल्यांच्या वतीने बोलणारेच कमी होतात. या बाबतीत आत्मटीका आवश्यक आहे. सभेत सार्वजनिक शिक्षणाचा ठराव मांडायचा आणि घरी मात्र चकचकीत माहितीपत्रकाच्या आधारे निर्णय घ्यायचा, असे आपल्यातही घडते.

तेव्हा कॉम्रेडच्या कन्येसाठी उत्तर असे. पदार्थविज्ञानाची आवड म्हणजे अभियांत्रिकीची आवड नव्हे. 'विज्ञान आवडते ना, मग इंजिनिअर हो' हा सल्ला नातलगांनी दिला तरी मनावर घेऊ नये. पुणे, भोपाळ येथील सरकारी विज्ञानशिक्षण व संशोधन संस्था किंवा भुवनेश्वरची राष्ट्रीय संस्था यांच्या प्रवेशपरीक्षा अवश्य द्याव्यात. पण तेथील जागा थोड्या, आणि तेथे प्रवेश मिळाला नाही म्हणून विज्ञानाची वाट बंद होत नाही. आपल्याच शहरात १९४८ पासून केवळ विज्ञान शिकवणारे सरकारी महाविद्यालय आहे, आणि पुढील शिक्षणासाठी विद्यापीठाचे विभाग आहेत. प्रथम तेथे जावे.

कोणत्याही संस्थेत जाताना चार गोष्टी विचाराव्यात, आणि त्या प्राचार्यांना नव्हे तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचाराव्यात. आठवड्यात प्रात्यक्षिके किती तास होतात? वर्णपटमापक प्रत्येकाच्या हाताला लागतो की एक जण हाताळतो आणि बाकीचे आकडे उतरवून घेतात? विषयाचे कायम प्राध्यापक किती आहेत? पदवी कोणाच्या नावाने मिळते? १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या किंवा तसा अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. इमारतीची काच किती मोठी, हे विचारण्याची गरज नाही.

परंतु एवढ्यावर थांबलो तर आपणही बाजाराच्याच भाषेत बोललो, असे होईल. चार प्रश्नांची उत्तरे असमाधानकारक आली, तर बाजारवादी म्हणेल, दुसरे दुकान पाहा. आपण म्हणावे, येथेच बसा आणि उत्तर बदला. विद्यार्थी संघटनेने प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयाच्या दारात मदत केंद्र मांडावे. रिकाम्या जागांची आणि बंद पडलेल्या उपकरणांची यादी विद्यार्थी, प्राध्यापक आणि पालक यांनी मिळून तयार करून प्रसिद्ध करावी. कामगार संघटनांनी आपल्या मागण्यांत या यादीला स्थान द्यावे. कारण प्रयोगशाळेतील तुटलेला दोलक हाही कामगारवर्गाच्या मुलांच्या हक्काचा प्रश्न आहे.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले. नागरिकावर कर्तव्य लादणाऱ्या राज्यसंस्थेने निदान त्या कर्तव्याची साधने तरी पुरवावीत, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. रायपूरच्या त्या मुलीला हव्यात चांगले शिक्षक, चालू स्थितीतील उपकरणे आणि बापाच्या पगारात बसेल एवढी फी. यातील एकही गोष्ट माहितीपत्रकातून मिळत नाही; ती लढून मिळवावी लागते, आणि त्या लढ्यात ती मुलगी एकटी राहणार नाही हे पाहणे आपले काम आहे.