ट्रेंडची बातमी
नोव्हेंबर 1992 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सिॲटलच्या ग्रंज संगीतावर लेख छापला, सोबत चौकटीत ग्रंजवेड्या पोरांच्या खास बोलीचा छोटा कोश. फोनवर माहिती पुरवणाऱ्या मेगन जॅस्परने ते शब्द बसल्या बसल्या रचले होते. ‘लेमस्टेन’ म्हणजे म्हणे ज्याला कसलीच स्टाइल नाही असा माणूस! पुढे ‘द बॅफलर’ या छोट्या नियतकालिकाने बिंग फोडलं. एवढ्या नामांकित दैनिकाला आणखी एक फोन फिरवायला काय झालं होतं? पण ट्रेंडच्या बातमीत पडताळणीची हौस कुणाला! आपल्याकडच्या ‘नेटकरी संतापले’ छापाच्या बातम्यांची जातकुळी तीच. खाली पाहावं तर चार प्रतिक्रिया, त्याही निनावी. असा मथळा दिसला, की संतापलेले नेमके किती आणि कोण, एवढं तरी बातमीत शोधा.